पायाखालचे सहाशे पौंड

१८८७ साली लंडनच्या क्लॅपम भागात मॅरिअन थॉर्नटन ही नव्वद वर्षांची अविवाहित बाई वारली. बाप मोठा बँकर, पार्लमेंटचा सभासद, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सचा नातलग आणि सोबती. पैसा पिढीजात. मृत्युपत्रात तिने आपल्या वारलेल्या भाच्याच्या मुलासाठी आठ हजार पौंड ठेवले होते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. त्याचं नाव एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर.

या पैशावर तो शिकला, केंब्रिजला गेला, इटली-ग्रीस हिंडला आणि नोकरीच्या पाठी न लागता कादंबऱ्या लिहीत बसू शकला. ही गोष्ट कुणा संशोधकाने मागाहून उकरून काढलेली नाही. १९५६ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, फॉर्स्टरने या आजीचं चरित्र लिहिलं आणि आपल्या लेखनाचं श्रेय त्या पैशाला रोखठोक देऊन टाकलं. लेखक मंडळी असं श्रेय सहसा प्रतिभेला देतात, फार तर आईच्या ओव्यांना. बँकेतल्या ठेवीला देणारा विरळाच.

फॉर्स्टरच्या कादंबऱ्या सहा. चार १९०५ ते १९१० या काळात आल्या, पाचवी १९२४ मध्ये, आणि सहावी तो गेल्यावर १९७१ मध्ये. सगळ्यांत कुठे ना कुठे कुणीतरी आपली पायरी सोडून दुसऱ्याच्या पायरीवर पाय ठेवतं, आणि मग जो गोंधळ उडतो ती गोष्ट. इंग्लंडमधल्या वर्गभेदावर त्याच्या आधी आणि नंतर पुष्कळांनी लिहिलं. फॉर्स्टर वेगळा पडतो तो एवढ्यासाठी, की माणसाची भाषा, आवडनिवड, सभ्यपणा, इतकंच काय त्याचा दयाळूपणासुद्धा किती उत्पन्नावर उभा आहे, याचा हिशेब तो मांडतो. आणि त्या हिशेबातून स्वतःला वगळत नाही.

वर्ग म्हणजे काय याचा धडा त्याला घरातच मिळाला होता. वडील वास्तुविशारद, मुलगा दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा क्षयाने गेले. आई लिली ही एका चित्रकला-शिक्षकाची मुलगी. तिचे वडील लवकर वारले, घरात पोरवडा. मॅरिअनबाईंनी तिला हाताशी धरलं, शिकवलं, बड्या घरांतल्या मुलांना शिकवण्याच्या नोकरीला लावलं. पुढे ती त्यांच्याच गोतावळ्यात सून म्हणून आली खरी, पण आश्रित हा शिक्का पुसला गेला नाही. मुलाचे आठ हजार आणि आईचा मिंधेपणा, दोन्ही एकाच हातून आलेले.

सुरुवातीच्या कादंबऱ्यांत हा सगळा मामला विनोदाच्या अंगाने येतो. ‘व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड’ (१९०५) मध्ये इंग्लंडातल्या एका प्रतिष्ठित घराची विधवा सून इटलीत जाऊन एका तरुणाशी लग्न जमवते. तिला आवरायला दीर धावत जातो. हा दीर एरवी इटलीवर जीव टाकणारा, तिथल्या चित्रांवर आणि चर्चच्या इमारतींवर तासन्‌तास बोलणारा. पण वाटेत कळतं की नवऱ्या मुलाचा बाप दातांचा डॉक्टर आहे, आणि त्याचं सगळं इटलीप्रेम गळून पडतं. स्वप्नातल्या गावात दातांचा दवाखाना! ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ (१९०८) मध्ये फ्लॉरेन्सच्या खानावळीत एक म्हातारा दोन बायकांना आपल्या खोल्या देऊ करतो, कारण त्यांच्या खोल्यांतून नदी दिसत नाही. मदत साधी, पण ती देणारा मजुराचा मुलगा आणि त्याचा पोरगा रेल्वेत कारकून, म्हणून ती घ्यावी की नाही यावर टेबलाभोवती खल चालतो. हे वाचताना हसू येतं. ‘हॉवर्ड्स एंड’ (१९१०) मध्ये येऊन ते हसू आवळतं.

या कादंबरीत तीन घरं आहेत. श्लेगेल बहिणी, मार्गारेट आणि हेलन: वडिलोपार्जित पैशाच्या व्याजावर जगणाऱ्या, संगीत-साहित्यात रमणाऱ्या, उदार मनाच्या. विल्कॉक्स कुटुंब: आफ्रिकेतल्या रबराच्या धंद्यात पैसा केलेलं, मोटारी उडवणारं, कामाला वाघ, भावनेच्या नावाने ठणठणाट. आणि लेनर्ड बास्ट: पॉर्फिरियन नावाच्या आग-विमा कंपनीतला कारकून, वय वीस, पांढरपेशांच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभा. त्याखाली पायरी नाही, दरी आहे.

लेनर्डची आणि श्लेगेलांची गाठ पडते ती छत्रीमुळे. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा कार्यक्रम. हेलन मध्येच उठून जाते आणि जाताना शेजारच्या लेनर्डची छत्री चुकून घेऊन जाते. मार्गारेट त्याला म्हणते, घरी चला, छत्री देते. बिचाऱ्याचं उरलेल्या संगीतात लक्ष लागत नाही. यात काही फसवाफसवी तर नसेल? घरी आल्यावर हेलन छत्र्यांचा ढीग उपसते. एक छत्री हातात घेऊन म्हणते, ही शिवणीवर पार उसवलीय, किती भयंकर छत्री, ही नक्की माझीच असणार. ती तिची नसते. लेनर्ड ती घेतो आणि चहाला न थांबता पळ काढतो.

या एका प्रसंगात सगळं आलं आहे. हेलनच्या मनात तिरस्काराचा लवलेश नाही. ती स्वतःचीच थट्टा करते आहे. पण उसवलेल्या छत्रीवर हसायला घरात आणखी पाच छत्र्या असाव्या लागतात. बहिणींना वाईट वाटतं ते त्या तरुणाला आपल्यावर विश्वास ठेवता आला नाही याचं. विश्वास ठेवणं हीसुद्धा ऐपतीची बाब आहे, हे मार्गारेटच्या हळूहळू ध्यानात येतं. पुढे ती आपल्या मावशीला सांगते, की आपण पैशाच्या बेटावर उभे आहोत आणि बाकीचे पाण्याखाली; मी वर्षाला सहाशे पौंडांवर उभी आहे, हेलनही तेवढ्यावरच, धाकटा भाऊ आठशेंवर उभा राहील; आणि आपले विचारसुद्धा या सहाशेंचेच विचार आहेत. १९१० सालच्या इंग्रजी दिवाणखान्यात उत्पन्नाचा आकडा उच्चारणं हा असभ्यपणा होता. मावशीला ते ऐकवत नाही.

उलट लेनर्डची संध्याकाळ पाहा. तळघरातली भाड्याची जागा. जेवणाला गरम पाण्यात विरघळवलेली सूपची वडी, मग जिभेच्या मांसाचा थंड तुकडा, तळाशी पिवळी चरबी साकळलेली, आणि शेवटी पुन्हा पाण्यात विरघळवलेली अननसाची जेली. जेवणाआधी तो कलासमीक्षक रस्किनचं व्हेनिसवरचं पुस्तक उघडतो. रस्किन एका चर्चमधल्या उजेडाचं डौलदार वर्णन करतो आहे. लेनर्ड ते वाक्य आपल्या खोलीला लावून पाहतो. निष्पन्न एवढंच होतं की खोली अंधारी आहे आणि कोंदटही.

फॉर्स्टर इथे निष्ठुर आहे का? थोडासा आहे. अगदी गरिबांशी आपल्याला कर्तव्य नाही, ते संख्याशास्त्रज्ञाने नाहीतर कवीने पाहावं, असं निवेदक मध्येच म्हणून जातो. यात उपरोध आहे हे खरं. पण त्यात लेखकाची कबुलीही आहे, की माझी नजर इथवरच पोचते. लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात तो अनेक वर्षं संध्याकाळी लॅटिन शिकवत असे. दिवसभर राबून आलेले कारकून-कारागीर त्याचे विद्यार्थी. त्याने बास्ट पाहिले ते वर्गातल्या टेबलापलीकडून. त्यांचे ताणलेले चेहरे, पुस्तकांची भूक, शब्द वापरताना होणारी धांदल हे त्याने अचूक टिपलं. रात्री ते घरी गेल्यावर काय बोलतात, कशावर हसतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून लेनर्डच्या घरी कुणी हसत नाही. मला ही या कादंबरीतली सगळ्यांत मोठी उणीव वाटते.

लेनर्डचा घात होतो तोही सल्ल्याने. हेन्री विल्कॉक्स सहज बोलून जातो की ती विमा कंपनी बुडणार. बहिणी मोठ्या कळवळ्याने हे लेनर्डच्या कानावर घालतात. तो नोकरी सोडतो, कमी पगारावर एका बँकेत लागतो, बँक माणसं कमी करते, तो रस्त्यावर येतो. पॉर्फिरियन ठणठणीत राहते. हेन्रीला याचं काहीच वाटत नाही. जगात असं चालायचंच. हेलन मात्र पेटून उठते, आणि तिच्या कळवळ्यातून लेनर्डचं आणखी वाटोळं होतं. शेवटी ती त्याला पाच हजार पौंड देऊ करते. तो अदबीने नाकारतो. आता पाहा: हेलन ते पैसे पुन्हा गुंतवते, दलाल चांगला सल्ला देतात, आणि ती पूर्वीपेक्षा थोडी अधिकच श्रीमंत होते. हे सगळं फॉर्स्टरने एका वाक्यात, जाता जाता उरकलं आहे. एकाला मिळालेला सल्ला आणि दुसरीला मिळालेला सल्ला, दोन्ही शेजारी ठेवा. अख्खी कादंबरी हाती येते.

शेवट मात्र मला पटत नाही. लेनर्ड हृदय बंद पडून मरतो आणि मरताना पुस्तकांचं कपाट त्याच्या अंगावर कोसळतं. ज्या संस्कृतीच्या मागे धावला तिच्याखालीच गाडला गेला, हे वाचकाला कळावं म्हणून लेखकाने कपाट ढकललेलं स्पष्ट दिसतं. हेलनला लेनर्डपासून मूल होतं तेही असंच योजलेलं. हे मूल लेनर्डपासून झालं की त्याच्या छत्रीपासून, अशी शंका लेखिका कॅथरिन मॅन्सफील्डने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. याहून नेमकी टीका या कादंबरीवर कुणी केलेली माझ्या वाचनात नाही.

१९९२ मध्ये या कादंबरीवर सिनेमा निघाला. निर्माता इस्माइल मर्चंट, आपल्या मुंबईत वाढलेला, सेंट झेवियर्सचा विद्यार्थी. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी. एमा थॉम्प्सनला ऑस्कर मिळालं. सिनेमा देखणा आहे, आणि तिथेच थोडी पंचाईत आहे. वेलींनी वेढलेलं ते घर पडद्यावर इतकं सुंदर दिसतं की प्रेक्षक लेनर्डला विसरून घराच्या प्रेमात पडतो.

‘अ पॅसेज टू इंडिया’ आपल्याकडे राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या नात्याची कादंबरी म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. पण फॉर्स्टरच्या आधीच्या पुस्तकांनंतर ती वाचली की लक्षात येतं, कादंबरीतल्या चंद्रपूरच्या क्लबात बसलेले साहेब-मडमा म्हणजे इंग्लंडच्या उपनगरांतलीच मध्यमवर्गीय मंडळी. बोटीत बसली आणि उतरताना उमराव झाली. कलेक्टरीणबाईंना उर्दू येते ती नोकरांशी बोलण्यापुरती, म्हणजे क्रियापदाचं फक्त आज्ञार्थी रूप. ये, जा, आण, ने. पाहुण्या बायकांशी बोलायची वेळ आली तरी जिभेवर दुसरं रूप नाही.

आणि कॉलरचं बटण. डॉ. अझीझ कॉलेजचा इंग्रज प्रिन्सिपॉल फील्डिंग याच्याकडे पहिल्यांदा जातो तेव्हा फील्डिंगचं मागचं कॉलर-बटण तुटलेलं असतं. अझीझ आपलं काढून त्याला देतो आणि खिशात जादा होतं अशी थाप मारतो. थोड्या वेळाने तरुण मॅजिस्ट्रेट रॉनी अझीझची मानेवर चढलेली कॉलर पाहतो आणि नंतर शेरा मारतो: बघा, बाकी पोशाख झकपक, पण बटण विसरला, हे लोक असेच गबाळे. उसवलेल्या छत्रीची ही दुसरी आवृत्ती, चौदा वर्षांनी अधिक पिकलेली. इथे फॉर्स्टर टेबलाच्या पलीकडून पाहत नाही. ज्याच्यावर शेरा मारला जातो त्याच्या खोलीत, त्याच्या मनात, वाचक आधीच जाऊन आलेला असतो.

हा फरक कशाने पडला? एक कारण सय्यद रॉस मसूद. सर सय्यद अहमद खानांचा हा नातू इंग्लंडला आला तेव्हा १९०६ मध्ये फॉर्स्टर त्याचा लॅटिनचा शिक्षक झाला. शिक्षक लवकरच मित्र झाला, मित्राच्या प्रेमात पडला, आणि १९१२ मध्ये त्याच्या ओढीने हिंदुस्थानात आला. कादंबरी मसूदलाच अर्पण केलेली आहे.

दुसरं कारण आपल्या अधिक जवळचं. देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. ते तिथे राहायला गेले त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी, १९२१ मध्ये, फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात महाराजांचा खासगी चिटणीस होता. एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांची. थोरल्या पातीचे तुकोजीराव हे शाहू छत्रपतींचे जावई. त्यांचेच चिरंजीव पुढे दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. फॉर्स्टर तुकोजीरावांना बापूसाहेब म्हणत असे. चिटणिसाकडे बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला, विजेचं घर अशी कामं होती, आणि त्यातलं बहुतेक सगळं मोडकळीस आलेलं. राजवाड्यात नवे कोरे पियानो कोरड्या हवेने तडकून पडलेले. हिशेब कशाचाच जुळत नव्हता. पण गोकुळअष्टमीच्या उत्सवात राजा देवापुढे अनवाणी गाताना-नाचताना त्याने पाहिला, आणि पायऱ्यांची उतरंड घटकाभर विसरली जाते म्हणजे काय ते त्याला कळलं. त्या काळातली पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात आहेत. कादंबरीच्या शेवटच्या भागातला जन्मोत्सव याच अनुभवावर बेतलेला आहे, आणि त्यात गाणारे तुकारामांना आळवतात. इंग्रजी कादंबरीत तुकोबा असे दुसरीकडे कुठे भेटत असतील तर मला माहीत नाही.

कादंबरीतले प्रोफेसर नारायण गोडबोले तर आपल्या ओळखीचेच. दख्खनी ब्राह्मण, गोरे, घारे-निळसर डोळे, डोक्याला फिकट जांभळं पागोटं, आणि खाली धोतराबरोबर मोजे. फील्डिंगच्या चहाला मुसलमान, इंग्रज, हिंदू एकत्र बसतात तेव्हा गोडबोले जरा बाजूला, आपलं टेबल थोडं मागे घेऊन, कुणाचा स्पर्श होणार नाही अशा बेताने शांतपणे खात राहतात. कुणी काही बोलत नाही. फॉर्स्टर त्यावर भाष्य करत नाही, नुसतं टेबल कुठे ठेवलंय ते सांगतो. डेव्हिड लीनच्या १९८४ सालच्या सिनेमात हे काम अॅलेक गिनेस या इंग्रज नटाला दिलं. त्याबद्दल न बोलणंच बरं.

१९३५ मध्ये मुल्कराज आनंदांच्या ‘अनटचेबल’ला फॉर्स्टरने प्रस्तावना लिहिली. प्रकाशकांनी ते पुस्तक पुनःपुन्हा परत केलं होतं. प्रस्तावनेने वाट मोकळी झाली. त्यात त्याने म्हटलं आहे की गुलामाचा मालक बदलू शकतो, कधी तो सुटूही शकतो, पण सफाई कामगाराची सुटका जन्मानेच बंद केलेली आहे. ज्या लेखकाने एकदा अगदी गरिबांना कादंबरीबाहेर ठेवलं होतं, त्याने पंचवीस वर्षांनी असं लिहावं हा प्रवास छोटा नाही.

सहावी कादंबरी ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्येच लिहून तयार होती. पुरुषाचं पुरुषावर प्रेम ही तिची कथा, आणि इंग्लंडात हा १९६७ पर्यंत गुन्हा होता, म्हणून हस्तलिखित जन्मभर खणात राहिलं. नायक शेअरदलाल, त्याचा प्रियकर जमीनदाराच्या रानावर राखणदार असलेला अॅलेक. मजा अशी की मॉरिसला कायद्याइतकीच भीती पायरीची वाटते. हा राखणदार आपल्याला धमकावून पैसे तर उकळणार नाही? म्हणजे लेनर्डला जी शंका आली तीच, फक्त आता वरच्याला खालच्याबद्दल. फॉर्स्टरने हट्टाने शेवट सुखाचा केला. स्वतःच्या आयुष्यात त्याला बॉब बकिंगहॅम हा पोलीस शिपाई १९३० मध्ये भेटला. बॉबची बायको मे हिच्याशीही पुढे गाढ स्नेह जमला, आणि जून १९७० मध्ये फॉर्स्टर गेला तो कॉव्हेन्ट्रीत त्यांच्याच घरी.

पैशाशी त्याचा हिशेब शेवटपर्यंत चालू होता. ‘अ पॅसेज टू इंडिया’ अमेरिकेत खपली, तो चेक आला आणि त्यातून त्याने एक लहानशी राई विकत घेतली. १९२६ मध्ये लिहिलेल्या लेखात तो सांगतो की मालक झाल्यापासून आपला स्वभाव बिघडला. झाडावर पक्षी दिसला, वाटलं हा माझा पक्षी. तो उडून शेजारणीच्या शेतात गेला तर राग आला. हा विनोद आहे, आणि नाहीही.

१९४६ हे साल त्याच्यासाठी कठीण होतं. हर्टफर्डशरमधल्या स्टीव्हनेजजवळचं रूक्सनेस्ट हे त्याचं बालपणीचं घर. तेच ‘हॉवर्ड्स एंड’, दारातल्या जुन्या एल्म वृक्षासकट. त्या झाडाच्या सालीत डुकराचे दात रुतवलेले होते आणि ती साल चघळली की दाढदुखी थांबते अशी गावात समजूत होती. आता सरकारने ठरवलं की या परिसरात साठ हजार वस्तीचं नवं शहर वसवायचं, देशातलं अशा प्रकारचं पहिलंच. गावकऱ्यांनी विरोध केला. मंत्री सिल्किन आले तेव्हा स्टेशनवरच्या पाट्या बदलून ‘सिल्किनग्राड’ केल्या. फॉर्स्टर रेडिओवर बोलला. उत्तर लंडनमध्ये दोन खोल्यांत चार पोरं वाढवणारी कामगार मंडळी माझ्या मित्रांत आहेत, म्हणाला, त्यांना घरं हवीत हे मला दिसतं. पण ज्या शेतशिवारावर मी वाढलो ते पुन्हा कुणाला निर्माण करता येणार नाही, आणि या दोन गोष्टींचं गणित मला सुटत नाही. आपल्या पिढीची सुसंस्कृत राहणी देशातल्या गरिबांच्या आणि परदेशातल्या प्रजेच्या जिवावर मिळालेल्या लाभांशावर पोसली गेली, हेही त्याने त्याच भाषणात सांगून टाकलं.

शहर झालं. दोन खोल्यांतून सुटलेले लेनर्ड बास्टचे भाऊबंद तिथे राहायला गेले, पुढे अंगण, मागे परसू असलेल्या घरांत. १९४६ मध्येच सरेमधल्या वेस्ट हॅकहर्स्टचा, वडिलांनी आराखडा केलेल्या फॉर्स्टरच्या राहत्या घराचा, भाडेपट्टा संपला आणि जमीनमालकाने तो वाढवून दिला नाही. सदुसष्टाव्या वर्षी फॉर्स्टरला घर खाली करावं लागलं. त्याच्यासाठी मात्र किंग्ज कॉलेजने केंब्रिजात खोल्या काढून ठेवल्या होत्या.